मॉडेल ट्रॅक्टर रिव्हर्सला कटकट करतो, गिअरचे दात पुन्हा पुन्हा जातात: माझ्याकडं दोष कुठं निघाला

माझ्या १:८ मापाच्या ट्रॅक्टरनं दीड वर्षात दोन पिनियन (मोटरवरचे छोटे गिअर) आणि एक मोठा गिअर खाल्ला. तिन्ही वेळा मोडतोड झाली ती रिव्हर्समध्ये, भरलेली ट्रॉली मागं ढकलताना. आधी बारीक कट्-कट्, चार दिवसांनी जोरात कट्-कट्, आणि मग एक दिवस मोटर फिरतेय, चाक जागेवर. तुमचंही हेच चाललं असेल तर पुढचा पिनियन मागवायच्या आधी हे वाचा. माझा दोष पिनियनमध्ये नव्हताच. म्हणजे पहिल्या वेळी होता, आणि म्हणूनच पुढच्या दोन वेळा मी फसलो.

आधी गाडी काय आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. मागची चाकं १६ सेंमीची. टायरवर १३.६-२८ लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिम २८ इंच. असा टायर उभा मोजला तर साधारण १३० सेंमी भरतो, त्याचा आठवा हिस्सा. वजन बॅटरीसकट ४ किलो. दोन टनांच्या खऱ्या ट्रॅक्टरचं मॉडेल एवढंच भरायला हवं, कारण वजन लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून कमी होतं: आठ गुणिले आठ गुणिले आठ, ५१२. मोटर १२ व्होल्टची, १०० आरपीएमची गिअर मोटर. तिच्या ६ मिमी शाफ्टवर १५ दातांचा पिनियन, एक्सलवर ४५ दातांचा पितळी गिअर, दोन्ही मोड्यूल १ (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप). एक्सल ८ मिमी ब्राइट बारचा, एकसंध, डिफरन्शियल (दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नाही. बूड चौदा गेजच्या पत्र्याचं. मोटर एक्सलच्या पुढच्या बाजूला. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वर्कशॉप म्हणजे लातुरात घरामागचं पत्र्याचं शेड. बेंच ड्रिल, वाइस, हँड ग्राइंडर, एक व्हर्नियर. लेथ नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच आत पाय ठेवता येत नाही, त्यामुळं बरंचसं काम रात्री, आणि रात्रीच्या कामातल्या चुका सकाळी दिसतात.

एक खात्री आधी करून घ्या. चाक थांबलं म्हणजे गिअरच गेला असं नाही. आवाज न होता मोटरसकट सगळं थांबत असेल आणि थोड्या वेळानं आपोआप चालू होत असेल, तर बॅटरी, वायर किंवा स्विच बघा. मोटरचा आवाज मोकळा, गुळगुळीत येतोय आणि चाक तेवढं थांबलंय, तर गिअरचा हब शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू ढिला आहे. शाफ्ट आणि हब दोन्हींवर मिळून मार्करनं एक रेघ ओढा, गाडी चालवा, रेघ तुटली की चोर सापडला. कट्-कट् असा ठेक्यातला आवाज येत असेल, तरच पुढचं सगळं तुमच्यासाठी.

पहिल्यांदा मोडला तो येळवशीला. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, त्या दिवशी गाव ओस पडतं आणि सगळे शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. पुतण्यानं हट्टानं ट्रॅक्टर बरोबर घेतला होता. ज्वारीच्या कडेला काळ्या रानात त्यानं ट्रॉलीत ढेकळं भरली आणि मागं मागं घेत बांधापर्यंत आणली. तिथंच खटका वाजला. आमच्या रानाची माती वाळली की दगड आणि ओली झाली की डिंक, त्यामुळं मी मातीला दोष दिला. घरी येऊन उघडलं तर नायलॉनच्या पिनियनचे तीन दात साफ.

हा पिनियन भंगारातला होता. कशातून निघाला देव जाणे. १५ दात मोजले, मोठ्या गिअरला लावून फिरवला, फिरला, बसवला. मोडल्यावर व्हर्नियर लावला. मोड्यूल ओळखायचा हिशोब सोपा आहे: गिअरचा बाहेरचा व्यास भागिले (दात अधिक २). मोड्यूल १ च्या १५ दातांच्या पिनियनचा व्यास १७ मिमी यायला हवा. माझा आला १८. म्हणजे तो मोड्यूलचा नव्हताच, इंची मापाचा, २४ डीपीचा (व्यासाच्या एका इंचामागं २४ दात) होता. २५.४ भागिले २४ केलं की १.०५८ येतं. फरक इतका थोडा की हातानं फिरवताना कळत नाही, भार आला की कळतो. जुन्या मशिनीचे गिअर वापरणाऱ्यांनी ही एक मोजणी कधी चुकवू नये. दात मोजून भागत नाही.

मग नवा, नीट मोड्यूल १ चा नायलॉन पिनियन आणला आणि विषय मिटला असं समजलो. तो साडेचार महिने टिकला. पुन्हा रिव्हर्स, पुन्हा कट्-कट्. आता मला वाटलं पोरगं झटके देतंय. पुढं जाताजाता एकदम मागं टाकायचं, हे सगळीच लेकरं करतात. त्याला चांगलं झापलं, रिमोट आठ दिवस कपाटात ठेवला. आणि ‘नायलॉन आहे म्हणून मोडतो’ असं ठरवून स्टीलचा पिनियन घातला. स्टीलला काही झालं नाही. पितळी गिअरचे पाच दात गेले, आणि तो पिनियनच्या चौपट महाग.

इथं मी दात मजबूत करायचं सोडलं आणि तुटके दात वाचायला बसलो. ते आधीच करायला हवं होतं.

घासलेला गिअर उजेडात तिरका धरला की दातावर एक चमकदार पट्टा दिसतो. तो पट्टा दाताच्या उंचीच्या मधोमध असेल तर जोड बरोबर बसलेला. दोन्ही गिअरवर पट्टा फक्त टोकाकडं असेल तर दोन शाफ्टमधलं अंतर जास्त झालंय, दात नुसते टोकांनी एकमेकांना शिवतायत. पट्टा दाताच्या एकाच कडेला, म्हणजे रुंदीत डावीकडं किंवा उजवीकडं असेल तर शाफ्ट समांतर नाहीत. माझ्या पितळी गिअरच्या उरलेल्या दातांवर चमक टोकाच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर होती. खाली बुडाकडं पितळ नव्यासारखं पिवळंधमक, बनवतानाच्या कटरच्या रेघासुद्धा तशाच.

पट्टा नीट दिसत नसेल तर देवघरातलं चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवा, काडीनं चार-पाच दातांवर पातळ लावा, चाक हातानं अडवून धरा आणि मोटर हळू फिरवा. जिथलं कुंकू पुसलं जातं तिथं दात लागतोय. गॅरेजमध्ये यासाठी निळा रंग मिळतो, पण कुंकवानं काही अडत नाही. हे पुढं जाताना आणि मागं जाताना वेगवेगळं करा. माझ्याकडं पुढं जाताना कुंकू बऱ्यापैकी मधे पुसलं गेलं. मागं जाताना नुसतं टोकावरचं. म्हणजे अंतर कायमचं चुकलेलं नव्हतं, ते भार आल्यावर वाढत होतं, आणि रिव्हर्सला जास्त वाढत होतं.

मोड्यूल १ मध्ये दोन्ही शाफ्टमधलं अंतर दातांच्या बेरजेच्या निम्मं: १५ अधिक ४५, ६०, निम्मे ३० मिमी. दात एकमेकांत २ मिमी खोल जातात, बस. यात एक मिमी अंतर वाढलं की निम्मी पकड गेली.

हे घेऊन मी औसा रोडवर एका जुन्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. खरं तर गेलो होतो फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) मागायला. त्यांनी मॉडेल उलटं केलं, माझ्या पत्र्याच्या बुडावर अंगठा दाबला आणि म्हणाले, “हे काय बसवलंव खाली?”

“चॅसी.”

“ट्रॅक्टरला चॅसी कुठं असतीय? ट्रकला असतीय.” मग त्यांनी समोर उघडून ठेवलेला ट्रॅक्टर दाखवला. क्लच प्लेट बदलायची होती म्हणून मधून खोलून दोन तुकडे केले होते, पुढचा इंजिनसकट एका घोड्यावर, मागचा चाकांसकट दुसऱ्यावर. “बघा की. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग, बोल्ट मारून एक अंग केलंय. खाली काय बी नाही. गिअर ज्यात हाय तेच अंग वजन घेतंय. तुम्ही मोटर एकीकडं बसवलाव, एक्सल दुसरीकडं, अन् मधी पापड.”

पापड हा शब्द मला लागला, पण बरोबर होता. मी रोज रस्त्यानं ट्रॅक्टर बघतो, त्याचं मॉडेल बनवायला वर्ष घालवलं, बोनेटच्या जाळीच्या पट्ट्या मोजून लावल्या, आणि ट्रॅक्टरचा सांगाडा कशाचा असतो हे बघितलं नव्हतं. ही रचना काही आजची नाही. हेन्री फोर्डचा फोर्डसन मॉडेल एफ ट्रॅक्टर १९१७ मध्ये निघाला तोच असा, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या ओतीव कवचांचं अंग केलेला, वेगळ्या चौकटीशिवाय.

फिलर गेज घेऊन घरी आलो आणि मोजलं. मागची चाकं काढली, मोटर वाइसमध्ये नाही, बुडाची पुढची कड वाइसमध्ये धरली. एक्सलला दोरी बांधून भाजीवाल्याच्या ताणकाट्यानं मागं ओढलं. ५ किलोला पिनियन आणि गिअरमधली फट ०.८ मिमीनं वाढली. डोळ्यांना दिसत होती. कारण एक नव्हतं, तीन होती आणि तिन्ही थोडी थोडी. एक्सल ज्या एल-अँगलच्या भोकातून जातो ते भोक लांबट झालेलं. २ मिमी पत्र्यात फिरणारी स्टीलची सळई करवतीसारखं काम करते. मोटरच्या ब्रॅकेटला मी ‘ॲडजस्ट करता यावं’ म्हणून लांबट खाचा ठेवल्या होत्या, त्यात स्क्रू सरकत होते. आणि मधला पत्रा चक्क वाकत होता. माझ्या मते यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार त्या खाचा. ॲडजस्टमेंटची सोय म्हणून आपण ठेवतो, पण ती सोय गाडीलाही मिळते.

आता रिव्हर्सचा उलगडा. आकडे अंदाजे आहेत, पण दिशा पक्की. ४ किलोची गाडी कोरड्या जमिनीवर वजनाच्या साधारण ०.६ पट ओढते असं धरलं तर चाकावर २.४ किलोचा जोर. चाकाची त्रिज्या ८ सेंमी, म्हणजे एक्सलवर साधारण १९ किलो-सेंमी. मोठ्या गिअरची त्रिज्या २.२५ सेंमी, म्हणजे दातावर साडेआठ किलो. गिअरच्या दातांच्या बाजू तिरप्या असतात, नेहमीच्या गिअरला हा कोन २० अंश. त्यामुळं दातावरच्या जोराचा सुमारे ३६ टक्के भाग दोन्ही गिअरना एकमेकांपासून दूर ढकलायलाच जातो, गाडी पुढं जावो की मागं. तो झाला ३ किलो.

मोटर पुढं आहे, म्हणून हे ३ किलो एक्सलला नेहमी मागं ढकलतात. गाडी पुढं जाताना जमीन चाकांना पुढं रेटते, २.४ किलोनं, एक्सल मोटरकडं दाबला जातो आणि हिशोब जवळपास फिटतो: उरतं अर्धा-पाऊण किलो. रिव्हर्सला जमीन एक्सलला मागं रेटते. ३ अधिक २.४, साडेपाच किलोच्या आसपास, सगळं फट उघडण्याच्या बाजूनं. म्हणजे माझ्या ताणकाट्यावरचे ५ किलो. झटके देणारं पोरगं नव्हतं, मी मोटर पुढं बसवली होती. मोटर एक्सलच्या मागं असती तर हीच कटकट पुढं जाताना झाली असती. तुमची गाडी पुढं जाताना वाजत असेल तर मोटर कुठं आहे ते बघा.

रानातच का मोडायचं तेही यातून कळलं. फरशीवर चाक घसरतं आणि घसरलं की दात सुटतो. काळ्या ढेकळात टायरच्या नख्या रुतल्या की चाक घसरत नाही, मोटरचा सगळा जोर दातावर. आणि मी पकड वाढावी म्हणून मागं शिसं भरलं होतं. दातांना अजून खड्ड्यात घातलं.

दुरुस्ती अशी केली. ४० बाय ६ ची लोखंडी पट्टी, १४ सेंमीचे दोन तुकडे. दोन्ही एकावर एक ठेवून दोन टोकांना स्क्रूनं घट्ट केले आणि मग सगळी भोकं दोघांतून एकदमच पाडली, म्हणजे एक्सल तिरका बसायचा प्रश्नच नाही. एक्सलसाठी २२ मिमीचं भोक एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतलं. ड्रिलवर मी प्रयत्न केला असता तर ते भोक नसतं, बटाटा झाला असता. त्यात ६०८ नंबरची बेअरिंग: आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी. स्केटिंगच्या चाकात असते तीच, कुठंही मिळते. दोन्ही पट्ट्यांमध्ये गोल सळईचे तीन तुकडे घालून त्यांना आटे पाडले आणि स्क्रूनं आवळलं. हा झाला डबा. मोटर याच्याच एका पट्टीवर. बुडाचा पत्रा आता या डब्याला लटकतो, डबा पत्र्याला नाही.

मोटर बसवताना क्रम महत्त्वाचा आहे, घाईत उलटा करू नका. आधी बेअरिंग, एक्सल, मोठा गिअर पक्के. पट्टीतलं मोटरच्या नाकाचं भोक गरजेपेक्षा २ मिमी मोठं ठेवलं, म्हणजे मोटर इकडंतिकडं सरकवता येते. मग पोराच्या वहीच्या कागदाची बोटभर पट्टी दोन्ही गिअरच्या दातांत घातली, मोटर दाबून गिअर कागदावर घट्ट बसवला आणि शिकंज्यानं आवळलं. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेवढाच मोकळेपणा मोड्यूल १ ला पुरतो. गिअर फिरवून कागद बाहेर काढला तर तो नागमोडी चुरगळलेला पण न फाटलेला यायला हवा. फाटला तर फार घट्ट, सपाट आला तर फार ढिलं. गिअर पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी बघा, कारण स्वस्तातले गिअर मधोमध नसतात. जिथं सगळ्यात घट्ट लागतं तिथलं माप धरायचं. पटलं की मोटरच्या स्क्रूंची जागा खुणावून गोल भोकं पाडली. खाच नाही. वर मोटरच्या तोंडाशी ३ मिमीची एक पिन ठोकली, स्क्रू ढिले झाले तरी मोटर सरकायला जागा नको म्हणून.

पिनियन शाफ्टच्या टोकाला ठेवू नका, मोटरच्या तोंडाशी जितका आत सरकवता येईल तितका सरकवा. टोकावर ठेवला की शाफ्टच वाकून हीच फट तयार होते, आणि मग डबा करूनही कटकट राहते.

ताणकाटा पुन्हा लावला. ५ किलोला ०.१ ची पाती आत शिरेना.

दोन गोष्टी जाताजाता. उघड्या गिअरला ग्रीस फासून रानात नेऊ नका. चाचांच्या भाषेत ग्रीस अधिक माती म्हणजे पॉलिश पेपर. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण केलंय, खालून बंद. आणि फ्यूज घाला. रोटावेटरला दगड लागला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. मॉडेलमध्ये मात्र आपण दातालाच शिअर बोल्ट करून ठेवतो. माझी गाडी भरल्या ट्रॉलीनिशी १.८ अँपिअर घेते, मी ३ अँपिअरचा काचेचा फ्यूज टाकलाय. चाक अडकलं की तो उडतो. खिशात चार ठेवायचे.

रिमोट कपाटातून कधीच निघाला होता, पण पुतण्याला माझी चूक सांगायला मला आठवडा लागला. त्यानं ऐकून घेतलं आणि ट्रॉलीत दोन विटा घालून गाडी मुद्दाम मागं मागं घेत अंगणाला तीन फेऱ्या मारल्या.

या वेळी नायलॉनचाच पिनियन घातलाय, स्टील काढून टाकलं, कारण काही जायचंच असेल तर स्वस्त वस्तू जावी. पाच महिने झाले. परवा उघडून पाहिलं तर चमक दाताच्या उंचीत मधोमध आहे, पण रुंदीत डाव्या कडेला जरा जास्त. म्हणजे मोटर केसभर तिरकी आहे. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी भरतो. त्याची चकती कापून उजव्या स्क्रूखाली घातली आहे, या रविवारी पुन्हा कुंकू लावून बघायचंय.